वेणूबाईची माती

चौकशीचं पथक गुरुवारी घरी येणार असा फोन नर्सरीचे मालक गेनबाअण्णा यांना आला, आणि बुधवारी दिवसभर उत्तरेश्वरच्या हातून गुलाबाचा एक डोळा धड बसला नाही.

लोणी काळभोरच्या त्या नर्सरीत तो अकरा वर्षं डोळे भरत होता. गावठी गुलाबाच्या खोडाला चाकूनं चीर द्यायची, चांगल्या जातीच्या फांदीवरचा डोळा सालीसकट उचलून त्या चिरेत सारायचा आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळायची. हे काम त्याची बोटं झोपेतसुद्धा करतील अशी होती. त्या दिवशी मात्र चाकू खोल जात होता, आतलं लाकूड दिसत होतं, उचललेला डोळा हातातच सुकत होता. अंगठ्यात दोन काटे मोडले, तेही त्याच्या ध्यानात आले नाहीत. अण्णा मागं येऊन उभे राहिले आणि म्हणाले, आज तू पिशव्याच भर, खोडं वाया घालवू नकोस. इतकी वर्षं कुणी त्याला असं म्हटलं नव्हतं. तो मान खाली घालून उठला आणि मातीच्या ढिगाकडं गेला.

पथक येणार होतं ते पूर्वाच्या कागदासाठी. पूर्वा ही त्याची एकुलती एक मुलगी. तिला सरकारी कॉलेजात नर्सिंगला जागा मिळाली होती, ती अनुसूचित जातीच्या राखीव जागांमधून. कॉलेज सुरू होऊन महिना झाला होता. रोज सकाळी सहाच्या बसनं ती पांढऱ्या गणवेशात पुण्याला जायची, बुधवार पेठेतून आणलेली जुनी जाड पुस्तकं मांडीवर घेऊन वाचत परत यायची. प्रवेश पक्का व्हायचा तर जातीच्या दाखल्याची पडताळणी व्हायला हवी होती. दाखल्यावर बापाचं नाव होतं उत्तरेश्वर धोंडिबा खुडे, हिंदू मांग. आजोबाच्या वेळची जुनी नोंदही सापडली होती. कागद सगळा चोख होता.

पण चर्चच्या वहीत त्याचं नाव दानिएल होतं.

बाप धोंडिबा बार्शीकडच्या गावात भिंत अंगावर पडून गेला तेव्हा उत्तरेश्वर आठ वर्षांचा होता. आई वेणूबाई त्याला घेऊन पुण्यात आली आणि एका मिशनच्या दवाखान्यात झाडू मारायला लागली. पुढं तिथंच आया झाली. वर्षभरानं दोघांनी बाप्तिस्मा घेतला. पाळकानं त्याला पाण्यात उभं करून दानिएल म्हणून हाक मारली, आणि आई मरेपर्यंत त्याला दानीच म्हणत राहिली. शाळेत आधीच लिहिलेलं नाव, जात, धर्म बदलायचं कुणाच्या मनात आलं नाही. ख्रिस्ती झालेल्याला तो दाखला चालत नाही, हे त्याला पूर्वाच्या फॉर्मच्या वेळी कळलं. ते कळल्यावर तो दोन दिवस जेवला नव्हता. बायको शैला मात्र तडकली होती. ती म्हणाली होती, "ख्रिस्ती झालो म्हणून कुणी आपल्याला शेजारी बसवून घेतलं का? जात हाय तिथंच हाय. कागद तेवढा गेला."

 फॉर्म भरला गेला.

बुधवारी संध्याकाळी शैलानं भिंतीवरचा क्रूस उतरवला. वचनांचं कॅलेंडर, आईचा पवित्र शास्त्राचा जाड ग्रंथ, गीतांचं पुस्तक, सगळं एका लुगड्यात बांधून गव्हाच्या कोठीत खाली सारलं. शेजारच्या कोंडीरामच्या घरून तिनं खंडोबाची तसबीर मागून आणली. कोंडीरामनं कशाला म्हणून विचारलं नाही, उलट तसबीर पुसून दिली. पूर्वा कॉलेजातून आली, दारात चप्पल काढता काढता भिंतीकडं बघत राहिली.

"उद्याच्यापुरतं हाय," उत्तरेश्वर म्हणाला.

पूर्वानं पिशवी खाली ठेवली. गळ्यातला बारका क्रूस तिनं साखळीसकट काढला आणि पुस्तकांच्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवून दिला.

गुरुवारी अकराला पथक आलं. पन्नाशीचे एक निरीक्षक आणि त्यांच्याबरोबर लिहून घेणारा एक जण. निरीक्षक सभ्य होते, सगळ्यांना अहो-जाहो करत होते, चहासुद्धा प्याले. पितृपक्ष चालू होता, पाऊस सरत आला होता आणि पत्र्याखाली उकाडा मावत नव्हता. दाराबाहेर चाळीतली सात-आठ माणसं गोळा झाली होती. कुलदैवत कोणतं, लग्नात देवक कशाचं असतं, मुलाचं जावळ कुठं काढता, असे प्रश्न एकामागून एक येत होते आणि पाठ केलेली उत्तरं उत्तरेश्वर देत होता. घाम पाठीवरून ओघळून लुंगीत मुरत होता.

मग त्यांनी मांगांच्या परंपरागत धंद्याचं विचारलं, दोर वळता येतो का.

"आजा वळायचा," उत्तरेश्वर म्हणाला.

"तुम्हाला येतो का, ते विचारतोय."

कोपऱ्यात नर्सरीच्या सुतळीचं बंडल होतं. लिहून घेणाऱ्यानं ते उचलून त्याच्यापुढं टाकलं. उत्तरेश्वरनं लुंगी वर घेतली, मांडी उघडी केली आणि दोन पदर मांडीवर तळव्यानं वळायला लागला. आजाला त्यानं हे करताना फार लहानपणी पाहिलं होतं. पदर एकमेकांत बसेनात, मांडीवरचे केस ओढले जात होते, बाहेर कुणीतरी खुसखुसलं. हातभर काहीतरी वेडंवाकडं तयार झालं. निरीक्षकांनी ते बोटांत धरून पाहिलं आणि खाली ठेवलं. त्याची मांडी लाल झाली होती. लुंगी खाली घ्यायची आठवण त्याला शैलानं डोळ्यांनी केली.

"आता पितृपक्षच आहे," निरीक्षक म्हणाले. "आईंचं पान कोणत्या तिथीला घालता?"

तिथी त्याला माहीत नव्हती. "सर्वपित्रीला," तो म्हणाला.

"त्या पुण्यातच वारल्या असं मृत्यूच्या दाखल्यावर दिसतंय. दहन कुठं केलंत?"

 उत्तरेश्वरनं भिंतीवरच्या तसबिरीकडं पाहिलं, मग स्वतःच्या अंगठ्याकडं. काट्यांची जागा सुजली होती.

"गावी न्हेलं. ओढ्याच्या कडंला."

"अग्नी कोणी दिला?"

"मी."

लिहिणाऱ्याचं पेन चाललं. निरीक्षकांनी मान वळवून दाराशी उभ्या असलेल्या पूर्वाला विचारलं, आजीच्या वेळी तू होतीस का. पूर्वा तेव्हा बारा वर्षांची होती. शहरातल्या ख्रिस्ती दफनभूमीत आजीच्या पेटीवर पहिली मूठ तिनंच टाकली होती, आणि नखात अडकलेली ती माती दोन दिवस काढू दिली नव्हती.

"लहान होते. आठवत नाही," ती म्हणाली.

पंच म्हणून बोलावून घेतलेल्या अण्णांनी सही केली. अकरा वर्षं ओळखतो, आमच्यातलाच आहे, हिंदूच आहे, असं त्यांनी ठासून सांगितलं. जाताना निरीक्षक म्हणाले की काळजी करू नका, अहवाल चांगला जाईल.

संध्याकाळी शैला क्रूस परत लावायला गेली, तर उत्तरेश्वर म्हणाला, राहू दे दोन दिवस. ती म्हणाली, आता कोण येतंय. तो म्हणाला, राहू दे म्हणतो ना. ते दोन दिवस संपलेच नाहीत. खंडोबाची तसबीर परत गेली आणि भिंत रिकामीच राहिली.

त्या दिवसापासून त्याची भूकच गेली. दोन घासांपुढं जेवण जाईना. नर्सरीपुढं हायवेला मोटारसायकल थांबली, हेल्मेट घातलेला माणूस उतरला की हातातला चाकू थांबायचा. पथकाचाच असेल, कुणीतरी चुगली केली असेल, पूर्वाला वर्गातून उठवून नेतील. तो माणूस झेंडूची रोपं घेऊन निघून जायचा आणि उत्तरेश्वर पुन्हा खोडाला चाकू टेकवायचा.

सर्वपित्रीला अण्णांच्या घरी पितरांचं पान होतं. अण्णांनी त्याला बोलावून वाटीभर खीर दिली आणि विचारलं की तुझ्याकडंही आज पान असेल ना रे, आईचं.

"हो अण्णा," तो म्हणाला. खीर त्यानं उभ्यानंच संपवली.

रविवारी तो चर्चला गेला नाही. एरवी उपासनेत ढोलकी त्याच्याकडं असायची. शैलाला म्हणाला, अण्णांनी काम सांगितलंय. पुढच्या रविवारीही तेच. तिसऱ्या रविवारी शैला एकटी गेली, आणि परत आल्यावर म्हणाली की ढोलकी आता दुसऱ्या कुणीतरी वाजवायला घेतली. मंडळीतला एक जण फोन करून त्याला समजावत होता की कागद सरकारचा असतो, मन देवाचं असतं, तू एकटाच नाहीस. उत्तरेश्वरनं हो हो म्हटलं. पण कागदाचं त्याला तितकं लागलं नव्हतं. सरकारनं विचारलं, सरकारला पाहिजे ते सांगितलं, तेवढ्यावर त्याला झोप लागली असती. त्याला दिसायचा तो ओढा. मिटलेल्या डोळ्यांपुढं तो आईला लाकडांवर ठेवायचा, पेटवायचा, आणि ती त्याच्याकडं बघत असायची. प्रार्थनेला डोळे मिटायचीही त्याला भीती वाटायला लागली.

घरात बोलणं आटलं. पूर्वा अभ्यास करायची, वाढलेलं जेवायची, आणि बापाच्या नजरेला नजर येणार नाही अशी भिंतीकडं तोंड करून झोपायची.

ऑक्टोबरच्या चौदाला वेणूबाईचा स्मरणदिन. दर वर्षी तिघं मिळून कबरीवर जायची. त्या दिवशी सकाळी शैलानं विचारलं, निघायचं का. पूर्वा म्हणाली, "कोणत्या तोंडानं?" आणि पिशवी उचलून कॉलेजला गेली.

दुपारी तो एकटाच बसनं निघाला. ऊन भाजत होतं. दफनभूमीच्या फाटकाशी पोचला तर वॉचमननं सहज विचारलं, कुणाकडं. उत्तरेश्वरनं मागं रस्त्याकडं पाहिलं. एक मोटारसायकल झाडाखाली उभी होती.

"चुकून आलो," तो म्हणाला, आणि तसाच पुढं चालायला लागला.

कुठं जायचं ते ठरलं नव्हतं. पाय नदीवरच्या पुलावरून कसबा पेठेत गेले. तिथं तांब्याच्या भांड्यांवर ठोके घालणाऱ्यांच्या गल्लीत, एका जिन्याच्या वर, सत्यवतीमावशी राहायची. ब्याऐंशी वर्षांची. वेणूबाईबरोबर तिनं अठ्ठावीस वर्षं त्याच दवाखान्यात आणि त्याच चर्चमध्ये काढली होती. नवऱ्यामागं एकटीच होती, आणि जिभेला पेठेची धार होती. तिनं दार उघडलं, चष्म्यातून त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"चार रविवार झाले," ती म्हणाली. "गेलास असं कुणी कळवलं नाही, म्हणून असशील असं धरून चालले होते."

"मावशी, मी एक—"

"आधी जेव. उपाशी माणसाचं बोलणं मला नीट ऐकू येत नाही."

तिनं तव्यावर भाकरी गरम केली, सुकटाची चटणी वाढली, वर कांदा फोडून दिला. तो नको म्हणत बसला, आणि मग एकदम खायला लागला. महिन्यात असं जेवला नव्हता. तिसरी भाकरी तिनं न विचारता ताटात टाकली. खालून ठोक्यांचा आवाज येत होता. ताट धुऊन ठेवल्यावर ती परातीत तांदूळ घेऊन बसली आणि निवडता निवडता म्हणाली, आता सांग.

त्यानं सगळं सांगितलं. दोराचं सांगितलं, खिरीचं सांगितलं, आत्ताच फाटकाशी काय म्हणाला तेही सांगितलं. ओढ्याशी आला तेव्हा त्याची जीभ अडखळली.

"जाळली म्हणालास?" मावशीनं विचारलं.

"हो."

मावशी हसली. त्याला वाटलं ऐकताना काही चुकलं असेल, पण ती खरंच हसत होती, पदरानं डोळे पुसत. "वेणूला विस्तवाची केवढी भीती. स्टोव्ह मला पेटवायला लावायची. ती असती तर म्हणाली असती, दान्या, मेल्यावरसुद्धा चटके दिलेस का रे?"

मग उत्तरेश्वर रडला. त्या रडण्याला आवाज होता. खाली ठोके चालू होते म्हणून तो आवाज गल्लीत पोचला नाही. मावशीनं त्याला थांबवलं नाही. तांदळातले खडे काढत राहिली.

बऱ्याच वेळानं ती बोलली. वेणूबाई एकदा भावाच्या मयतीला गावी गेली होती. भावकीनं तिला विचारलं, पुण्यात बाटलीस म्हणतात ते खरं का. ती म्हणाली, छे, कोण म्हणतं. सगळ्यांच्या पंक्तीत जेवली आणि पुण्याला येऊन आठ दिवस अंथरुणाला खिळली. प्रार्थनेला येईना. म्हणायची, मी प्रभूला सगळ्यांदेखत नाही म्हटलं, आता कसं बसू त्याच्यापुढं. "मी हाताला धरून नेली तिला," मावशी म्हणाली. "तिला जी क्षमा मिळाली ती तुला मिळणार नाही, असं कुणी सांगितलं तुला?"

उत्तरेश्वर जमिनीकडं बघत होता.

"तुला वाटतं, त्याला त्या गुरुवारी कळलं? नऊ वर्षांचा होतास तू, पाण्यात कुडकुडत उभा. त्याला तेव्हाच ठाऊक होतं की हे पोरगं एक दिवस आपल्याला नाही म्हणणार आहे. तरी नावानं बोलावलं ना? मग लपतोस कुणापासून?" तिनं परात बाजूला सारली. "त्याच्यावर प्रीती आहे का तुझी?"

 हे कुणी आजवर त्याला विचारलं नव्हतं. सगळ्यांनी कागदाचंच विचारलं होतं.

"विचारतेय मी."

"हाय," तो म्हणाला.

"आहे ना?"

"आहे, मावशी."

"मग मान वर कर. खाली घालून बसलास की तुझं टक्कल तेवढं दिसतं."

तिनं उठून त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हात हलका होता, त्याला तांदळाचा वास होता. "प्रभू," ती म्हणाली, "हा आलाय. तू याला ओळखतोस. आमेन." एवढीच प्रार्थना. उत्तरेश्वरनं डोळे मिटले होते, आणि मिटलेल्या डोळ्यांपुढं महिन्यात पहिल्यांदा ओढा आला नाही. काहीच आलं नाही. नुसता काळोख होता, आणि त्या काळोखाची त्याला भीती वाटली नाही. 

निघताना त्यानं विचारलं, कागदाचं काय करू.

"ते मला विचारू नकोस, पोरीला विचार. त्यानं क्षमा केली म्हणून सरकार जागा राखून ठेवत नाही."

तो आला त्याच वाटेनं परत गेला. वॉचमन म्हणाला, तुम्ही मघाशी चुकून आला होतात ना. उत्तरेश्वर म्हणाला, नाही, माझी आई आहे आत. त्यानं कबरीवरचं गवत हातानं उपटलं, कडेची माती सारखी केली आणि ऊन उतरेपर्यंत तिथं बसला.

घरी आल्यावर त्यानं दोघींना समोर बसवून सगळं सांगितलं. शैलानं ऐकलं, उठली, कोठीत हात घालून लुगड्याचं बोचकं काढलं आणि क्रूस खिळ्याला अडकवला. पूर्वा मात्र रडायला लागली.

"मला सीट पाहिजे, पप्पा," ती म्हणाली. "मला माहितीये आपण काय केलं ते. मी पण खोटं बोलले. रोज कॉलेजमध्ये वाटतं, आता कुणीतरी येईल. पण मला ती सीट पाहिजे."

"तुझा कागद तुझा हाय," तो म्हणाला. "तू गप्प राहिलीस तर मी पण गप्प राहीन. त्यासाठी तुझ्याकडं वाकड्या नजरेनं बघणार नाही. मला जे पाहिजे होतं ते मला मिळालंय."

ती त्याच्याकडं बघत राहिली. तिला ते समजलं की नाही, कळायला मार्ग नव्हता.

सुनावणी महिनाअखेरीला होती. मधल्या दिवसांत पूर्वा त्या विषयावर एक अक्षर बोलली नाही. उत्तरेश्वरही बोलला नाही, पण काळजी त्याला होतीच. आता भीती होती ती पोरीची. हिचं वर्ष जाईल, हिचं मन मोडेल, आणि ती आयुष्यभर म्हणेल की बापाच्या देवापायी माझं नुकसान झालं. डोळे भरताना तो ओठातल्या ओठात एवढंच म्हणायचा की प्रभू, तिला धर. हात मात्र पुन्हा स्थिर झाले होते.

पुण्यातल्या त्या कार्यालयात टेबलापलीकडं तिघं बसली होती. मधल्या मॅडम अध्यक्ष होत्या. बाजूच्या खुर्चीवर पथकाचे तेच निरीक्षक होते. मॅडमनी फाईल चाळली, अहवाल अनुकूल आहे असं म्हणाल्या, आणि सहीआधी मुद्दे वाचून दाखवायला लागल्या. आजोबांची नोंद, शाळेचा दाखला, पंचाचं निवेदन. "अर्जदाराच्या आजीचे मूळ गावी हिंदू पद्धतीने दहन करण्यात आले. बरोबर ना?"

उत्तरेश्वरनं वर पाहिलं नाही. त्यानं शब्द दिला होता. शेजारी पूर्वा उभी होती आणि तिचा श्वास त्याला ऐकू येत होता. मॅडमनी पेनाचं टोपण काढलं.

"नाही, मॅडम," पूर्वा म्हणाली.

"म्हणजे?"

"दहन नाही केलं. पुरलंय. इथं पुण्यात, ख्रिश्चन लोकांच्या दफनभूमीत. मी होते तिथं. मला आठवतंय."

 निरीक्षकांनी चष्मा काढला. मॅडमनी बापाकडं पाहिलं आणि सावकाश विचारलं की मुलगी काय म्हणतेय ते तुम्हाला समजतंय का.

"समजतंय," उत्तरेश्वर म्हणाला.  "माझी आई हाय ती. माती मी दिली. साहेबांना मी खोटं सांगितलं, आणि पोरगी माझ्यामुळं गप्प बसली. मी ख्रिस्ती हाय, मॅडम. नऊ वर्षांचा होतो तेव्हापासून."

"मग हे नाव?"

"उत्तरेश्वर बापानं ठेवलं, दानिएल आईनं. दोन्ही माझीच हायत. जात पण माझीच हाय, ती कुठं गेली नाही. पण आईला जाळलं म्हणालो, ते खोटं."

मॅडमनी टोपण परत लावलं. मग जे बोलल्या ते सरळ बोलल्या. दावा अवैध ठरेल. कॉलेजला कळवलं जाईल, प्रवेश रद्द होईल. खोट्या माहितीबद्दल पुढं काय करायचं ते नियमाप्रमाणं ठरेल, पण स्वतःहून सांगितलंत एवढं मी टिपणीत लिहीन. धर्मांतरितांना इतर मागासवर्गाचा दाखला मिळतो, त्यासाठी वेगळा अर्ज करा. या वर्षीची जागा मात्र गेली. त्यांनी जबाब लिहून घेतला, दोघांच्या सह्या घेतल्या.

बाहेर व्हरांड्यात निरीक्षक गाठ पडले. "खोटं सांगणारे रोज भेटतात," ते म्हणाले. "खरं सांगून माझं काम वाढवणारे तुम्ही पहिले." तोंडावर हसू नव्हतं, पण जिन्यापर्यंत ते त्यांच्याबरोबर चालत आले.

बसमध्ये पूर्वा खिडकीला डोकं टेकून रडत होती. हडपसर गेलं तरी रडत होती. देव बघेल, होईल सगळं नीट, असं म्हणायचं उत्तरेश्वरच्या तोंडाशी आलं होतं, पण त्यानं ते गिळलं. तिची पिशवी त्यानं आपल्या मांडीवर घेतली. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "मला भीती वाटत होती की तुम्ही नाही बोलणार."

"मला वाटत होती, तू बोलशील," तो म्हणाला. "तुझ्यासाठी वाटत होती."

तिनं नाक पुसलं. पुढच्या वर्षी परत परीक्षा द्यावी लागेल, ती म्हणाली. तोवर अण्णा नर्सरीत घेतील का मला. तो म्हणाला, विचारून बघू. पण अण्णांना विचारायच्या आधी सांगायचं होतं, आणि ते सोपं नव्हतं. पंच म्हणून सही त्यांची होती.

दुसऱ्या दिवशी त्यानं सांगितलं. अण्णा ऐकून घेऊन तसेच घरी निघून गेले. पुढच्या सकाळी मुकादमाकडून निरोप आला की उत्तरेश्वरनं गुलाबाला हात लावायचा नाही, शेणखत चाळायचं. आठवडाभर तो चाळणीवर होता. नव्या पोरांचं काम. ती पोरं जाता-येता बघायची, एक-दोघं हसायची. धुरळ्यानं नाकपुड्या भरायच्या, खांदे भरून यायचे. पथक आलं त्या दिवशी हेच झालं असतं तर तो जमिनीत शिरला असता. आता त्याला फक्त खांद्यांचं दुखणं जाणवत होतं. चूक त्याची होती, अण्णांचा राग खरा होता, आणि खत कुणीतरी चाळायलाच हवं होतं.

शनिवारी संध्याकाळी तो अण्णांपुढं जाऊन उभा राहिला. अण्णा मोटारीची वायर गुंडाळत होते.

"अण्णा, उद्या सकाळी मी चर्चला जाणार हाय. एक वाजता कामावर येतो."

अण्णांनी वायरचा वेढा पुरा केला. "अकरा वर्षं आहेस इथं. माझ्या आईच्या दहाव्याला आलास, पंगतीला माझ्या शेजारी बसलास. मला आधी सांगायला काय झालं होतं?"

"लाज वाटत होती."

"आता?"

उत्तरेश्वरनं मान वर केली. 

"आता नाही वाटत, अण्णा."

अण्णांनी वायर खुंटीला अडकवली आणि हात झटकले. "पोरीला सोमवारपासून पाठव," ते म्हणाले. "आणि तू एकच्या आत ये. गुलाबाच्या एका ओळीचं त्या पोरांनी पार वाटोळं करून ठेवलंय."

तो टाकीवर गेला आणि कोपरापर्यंत हात धुवायला लागला.